नागपूरचा माल, वरूडची साइट: पुरवठादारांशी बोलणे आणि ऑर्डरचा माग कसा ठेवावा?

प्रश्न – संत्रापट्टा इंटिरियर (ता. वरूड, जि. अमरावती)

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातील एका गावात राहून मी गेली सहा वर्षे घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे घेते. आमच्याकडील कामांचा हंगाम संत्र्याच्या पैशावर ठरतो. आंबिया बहाराचा तोडा होऊन व्यापाऱ्याकडून रक्कम हाती पडली, की बांधून ठेवलेल्या घरातील स्वयंपाकघर, देवघर आणि हॉलच्या फर्निचरचे काम काढले जाते. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये विकली गेल्यावर दुसरी लाट येते. त्यामुळे डिसेंबर ते मे या काळात चार-पाच साइट एकाच वेळी चालू असतात आणि पावसाळ्यात एखादीच.

माल मात्र सगळा बाहेरून आणावा लागतो. प्लाय आणि मायका (प्लायवर चिकटवायचे रंगीत शीट) नागपूरच्या लकडगंजमधून, बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर सरकवण्याच्या पट्ट्या) आणि हँडल इतवारीतून, टाइल्स मोरबीच्या परंतु अमरावतीच्या डीलरमार्फत, पडदे अमरावतीहून, आणि काच व ॲल्युमिनियमचे काम तेवढे वरूडमध्ये. असे एकूण अकरा पुरवठादार आहेत. त्या सर्वांशी माझे बोलणे फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, त्यात निम्मे व्हॉइस मेसेज असतात. कोणाला काय सांगितले, त्यांनी काय कबूल केले, किती ॲडव्हान्स गेला आणि किती माल यायचा राहिला, हे सर्व माझ्या डोक्यात आणि मोबाईलमध्ये विखुरलेले असते.

गेल्या हंगामात याचे जे झाले ते सांगते. एका घरातील स्वयंपाकघर आणि दोन कपाटांसाठी बिस्किटी रंगाच्या मायकाचे १५ शीट सांगितले होते. ११ आले आणि उरलेले ४ ‘उद्या पाठवतो’ असे फोनवर कळले. तो उद्या सतराव्या दिवशी उजाडला. कारागीर बाहेरगावचे, साइटवरच राहणारे. माल नसला तरी त्यांची रोजी द्यावीच लागते. वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झालेल्या असल्याने आलेले ४ शीट न पाहताच आम्ही चिकटवले. दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले आणि घरातील आजी ओट्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “बाई, हे दोन पल्ले न्यारे काहून दिसते?” कोड तोच होता, परंतु माल वेगळ्या बॅचचा होता आणि उन्हात एक पल्ला पिवळसर, तर दुसरा राखाडीकडे झुकलेला दिसत होता. त्याच कामात ६४ बिजागऱ्याही चुकीच्या आल्या. मला झिरो क्रँक (सरळ बाहूच्या, पल्ल्याने बाजूच्या प्लायची पूर्ण जाडी झाकणाऱ्या) हव्या होत्या आणि आल्या आठ क्रँकच्या, म्हणजे बाक असलेल्या, त्यामुळे पल्ला बाजूच्या प्लायची निम्मीच जाडी झाकू लागला. पुरवठादाराने मीच पाठवलेला फोटो मला परत पाठवला. त्या फोटोखाली मी फक्त ‘अशा ६४ नग’ एवढेच लिहिले होते, तेव्हा भांडायला तोंड उरले नाही.

तरी माझा प्रश्न असा आहे, की गावात राहून, जेथे संध्याकाळी नेटवर्क असेलच असे नाही, अकरा जणांशी होणारे बोलणे आणि दीड-दोनशे वस्तूंच्या ऑर्डरी यांचा माग कोणत्या पद्धतीने ठेवावा? ‘माल निघाला’ असे सांगितले जाते तेव्हा तो खरोखर निघाला आहे, हे कसे ओळखावे? आणि हे पुरवठादार मला महिनाभराची उधारी देतात, म्हणून प्रत्येक गोष्ट लेखी मागितल्याने त्यांना अविश्वास वाटणार नाही ना, हीही काळजी आहे. महागडे सॉफ्टवेअर घेण्याची तयारी नाही, मात्र आवश्यकच असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

उत्तर १ – वणीचा फर्निचरवाला

ताई, सॉफ्टवेअर घेऊ नका. मी लांब निळी वही वापरतो आणि तिच्यात पुरवठादाराच्या नावाने पान काढत नाही, ऑर्डरच्या क्रमांकाने काढतो. पुरवठादाराच्या नावाने पान काढले की तीन साइटचा माल एकत्र मिसळतो आणि ‘कोणाचे किती राहिले’ हे पुन्हा डोक्यातूनच आठवावे लागते. एक ऑर्डर, एक पान, वर क्रमांक. माल पूर्ण उतरला की पानावर आडवी रेघ. ज्या पानावर रेघ नाही, ते काम अजून बाकी आहे. वहीला चार्जिंग लागत नाही आणि नेटवर्कही लागत नाही.

आणखी एक अनुभव सांगतो. साइटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून त्यात घरमालक आणि पुरवठादार दोघांनाही घेऊ नका. मी एकदा ते केले. दुकानदाराने भोळेपणाने त्याच ग्रुपमध्ये दरपत्रक टाकले, आणि पुढचा महिनाभर घरमालक मला माझाच नफा मोजून दाखवत होता.

उत्तर २ – लकडगंज काउंटर (नागपूर)

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. प्लायवुड-मायकाच्या दुकानाच्या काउंटरवर मला वीसहून अधिक वर्षे झाली. ताई, तुम्ही रागावणार नाही या भरवशावर थोडे स्पष्ट लिहितो, कारण आमच्याकडे नेमके काय घडते हे ग्राहकाला दिसत नाही.

सकाळी दुकान उघडल्यावर मोबाईलमध्ये तीस-चाळीस मेसेज असतात. त्यांतील प्रत्येक मेसेजवरून मी एक चिठ्ठी लिहितो आणि ती गोडाऊनमधील मुलाकडे जाते. गोडाऊन दुकानाच्या मागे नसते, ते वेगळ्या गल्लीत असते. त्या मुलापुढे तुमचा फोटोही नसतो आणि तुमचा आवाजही नसतो. त्याच्यापुढे फक्त माझी चिठ्ठी असते. म्हणून ज्या मेसेजची जशीच्या तशी चिठ्ठी करता येते, तो माल आधी आणि बरोबर निघतो. ज्या मेसेजसाठी मला परत फोन करावा लागतो, तो दुपारपर्यंत मागे पडतो आणि दुपारी ट्रान्सपोर्टची गाडी निघून गेलेली असते. व्हॉइस मेसेज तर गर्दीत ऐकलाच जात नाही. एखादा ऐकला, तरी त्यातील ‘अठरा’ आणि ‘आठ’ यांत गफलत होते.

तुमच्या मायकाचा मेसेज असा असता तर बरे झाले असते: ‘ऑर्डर क्रमांक २७, साइट वरूड-३. मायका १ मिमी, कोड अमुक, फिनिश सुएड, ८ बाय ४, १५ शीट, सर्व एकाच बॅचचे. १५ पूर्ण नसल्यास पाठवू नये, आधी कळवावे. वरूडला १२ तारखेपर्यंत पोचावा.’ यात फिनिश लिहिणे फार महत्त्वाचे आहे, कारण एकाच कोडचा रंग ग्लॉसमध्ये वेगळा आणि मॅटमध्ये वेगळा दिसतो. प्लायबाबतही तेच आहे. नुसते ‘१८ एमएम’ लिहून येते. ३०३ हवा की ७१० हवा, हे लिहिलेले नसते. ३०३ म्हणजे साधारण ओलावा सोसणारा, आणि ७१० म्हणजे उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरणारा, ज्याला आपण मरीन म्हणतो. सिंकखालच्या कपाटाला कोणता लागतो, ते तुम्ही जाणता. काही मिस्त्री तर प्लायलाही ‘बोर्ड’ म्हणतात आणि आम्ही ब्लॉकबोर्ड (मधे लाकडी पट्ट्या असलेला वेगळा बोर्ड) पाठवून मोकळे होतो. बिजागरी आमचा विषय नाही, तरी तिच्यासाठीही झिरो, आठ की सोळा क्रँक हे लिहिल्याशिवाय फोटोवरून कोणालाही ओळखता येणार नाही, कारण वरून पाहिल्यास तिन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात.

आता ‘उद्या पाठवतो’ या शब्दाचा अर्थ सांगतो. आमच्या बाजारात त्याचे दोन अर्थ होतात. माल माझ्या गोडाऊनमध्ये असेल तर उद्या म्हणजे उद्याच. माल माझ्याकडे नसेल आणि डिस्ट्रिब्युटरकडून मागवायचा असेल, तर उद्या म्हणजे ‘तुम्ही दुसरीकडे जाऊ नका’. म्हणून तारीख विचारण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘माल तुमच्या गोडाऊनमध्ये आहे, की मागवायचा आहे?’ थेट विचारल्यावर दुकानदार बहुतेक वेळा खरे सांगतो, कारण त्याला खोटे बोलायचे नसते, फक्त ग्राहक सोडायचा नसतो. मागवायचा असे उत्तर आले, तर त्या ऑर्डरची तारीख तुमच्या कामाच्या वेळापत्रकात धरू नका. डिस्ट्रिब्युटरकडून माल माझ्याकडे उतरला असे मी कळवेन, त्या दिवसापासून दिवस मोजा. आणि सर्व शीट एकाच बॅचचे हवे असतील, तर थोडा ॲडव्हान्स देऊन ते एकदम बाजूला काढून ठेवायला सांगा. ११ आता आणि ४ नंतर, हे मायका आणि टाइल्स या दोन वस्तूंमध्ये कधीही मान्य करू नये.

माल निघाल्यानंतरची गोष्टही ऐका. माझ्या दुकानातून हातगाडीवर किंवा टेम्पोत माल गेला, की मी ‘निघाला’ म्हणतो, आणि ते खरेही असते. पण तो जातो वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनला. तिथे वरूड-मोर्शीकडचा पुरेसा माल जमेपर्यंत गाडी हलत नाही. म्हणून ‘निघाला का’ असे विचारू नका, बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टने दिलेल्या मालाच्या पावतीचा, फोटो मागा, त्यावरील क्रमांक लिहून घ्या आणि पुढची चौकशी ट्रान्सपोर्टकडेच करा. प्रत्येक बंडलवर मार्का लिहायला सांगा, म्हणजे ‘वरूड-३, ऑर्डर २७’. मार्का नसलेले बंडल वरूडच्या गोडाऊनमध्ये उतरते आणि कोणाचे ते न कळल्याने आठ-आठ दिवस कोपऱ्यात पडून राहते. तोवर तुम्ही आम्हाला फोन करता आणि आम्ही तुम्हाला ‘गेला ना ताई’ असे सांगत राहतो. बिल्टी पेड आहे (भाडे पाठवणाऱ्याने भरलेले) की टू-पे (भाडे माल घेणाऱ्याने द्यायचे), हेही आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर भाड्याच्या वादात माल उतरवून घेता येत नाही.

लेखी मागितल्याने कोणी दुखावत नाही, ताई. उधारीवर माल नेऊन नंतर ‘मी असे सांगितलेच नव्हते’ म्हणणाऱ्या ग्राहकांनी आम्हाला जास्त दुखावलेले आहे.

उत्तर ३ – हिशेबनीस, अकोट

लकडगंजच्या भाऊंनी बिल्टीचे सांगितले, त्याला कागदाची जोड देतो. तुमची जीएसटी नोंदणी आहे असे धरून लिहीत आहे.

माल खरोखर कुठे आहे हे कळण्याचा एक मार्ग ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, हा आहे. राज्याबाहेरून येणाऱ्या ५०,००० रुपयांवरील मालाला ते लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे. म्हणजे मोरबीहून थेट तुमच्या साइटवर येणाऱ्या टाइल्सना ते बहुधा लागेल आणि नागपूरहून येणाऱ्या लहान खेपेला लागणार नाही. तुम्ही वरूडकडच्या आहात, तेव्हा पांढुर्ण्याहून काही घेत असाल तर तेही परराज्य ठरते, हे विसरू नका. ई-वे बिलाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बिल आणि मालाचा तपशील असतो. दुसऱ्या भागात गाडीचा क्रमांक असतो, आणि मुदतीचे दिवस हा दुसरा भाग भरल्यापासून मोजले जातात. राज्यातल्या राज्यात दुकानापासून ट्रान्सपोर्टरच्या गोडाऊनपर्यंत ५० किलोमीटरच्या आत माल नेताना गाडीचा क्रमांक भरण्याची सक्ती नाही. त्यामुळे पुरवठादाराने ई-वे बिल पाठवले आणि त्यात गाडीचा क्रमांक नसला, तर माल अजून ट्रान्सपोर्टरच्या दारातच आहे असे खुशाल समजावे. साध्या मालवाहू गाडीसाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, यावरून मोरबीची गाडी अंदाजे किती दिवसांत यायला हवी तेही कळते.

माल उतरवून घेतानाची सही फार जपून करावी. ट्रान्सपोर्टची माणसे घाईत असतात आणि ‘करा ना सही, मग पाहू’ म्हणतात. टाइल्सचे तीन बॉक्स फुटलेले असतील, तर बिल्टीच्या प्रतीवर ‘३ बॉक्स फुटलेले मिळाले’ असे लिहून त्याखाली सही करावी आणि फोटो काढावा. कोरी सही म्हणजे माल सुस्थितीत मिळाल्याची कबुलीच होते. वाहतूकदाराविरुद्ध दावा करायची वेळ आली, तर रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ प्रमाणे माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. इतक्या लांब जाण्याची वेळ क्वचितच येते, परंतु बिल्टीवरील तो एक शेरा असला की डीलर फुटलेले बॉक्स निमूटपणे बदलून देतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

टाइल्सच्या बॉक्सवर शेड आणि बॅच छापलेली असते. बॉक्स फोडण्याआधी सर्व बॉक्सवरील ती अक्षरे एकसारखी आहेत का ते पाहावे. नगांचा हिशेबही ऑर्डर देतानाच लेखी करून ठेवावा. २ बाय ४ फुटांच्या टाइलचा दोन नगांचा बॉक्स साधारण १५.५ चौरस फूट भरतो. ६२० चौरस फुटांच्या हॉलला तुटफूट आणि कापणीचे ८ टक्के धरले तर ६७० चौरस फूट होतात, म्हणजे ४४ बॉक्स. हे गणित ऑर्डरच्या मेसेजमध्येच लिहिले असेल, तर डीलरही ते तपासतो आणि चूक असल्यास तेव्हाच सांगतो.

बिलाबद्दल एवढेच सांगतो, की पुरवठादाराने तुमच्या जीएसटी क्रमांकावर बिल केले आहे का, हे माल आल्याच्या दिवशीच पाहावे. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या २बी विवरणात (पुरवठादारांनी तुमच्या क्रमांकावर दाखवलेल्या बिलांच्या यादीत) ते बिल आले नसेल, तर तुम्हाला कराची वजावट मिळत नाही आणि तोपर्यंत तुम्ही पूर्ण रक्कम देऊन बसलेल्या असता. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत रक्कम चुकती न केल्यास घेतलेली वजावट परत करावी लागते, हेही उधारीवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तुमच्या नोंदीत ऑर्डर क्रमांकासमोर बिल क्रमांक आणि बिल्टी क्रमांक, असे दोन्ही आले तर मार्चअखेरीस माझ्यासारख्या माणसाचे निम्मे फोन वाचतील.

उत्तर ४ – झाडीपट्टी डिझाइन (ब्रह्मपुरी)

वणीच्या भाऊंची वही चांगली आहे, पण चार साइट झाल्या की ‘आज कोणाला फोन करायचा आहे’ याचे उत्तर वही देत नाही. त्यासाठी सगळी पाने उलटावी लागतात. मी गूगल शीट वापरते. मोबाईलमध्ये ती ऑफलाइन ठेवता येते, त्यामुळे साइटवर नेटवर्क नसतानाही नोंद करता येते आणि गावात परत आल्यावर ती आपोआप जुळते. प्रत्येक ओळ म्हणजे एक वस्तू. रकाने मोजकेच ठेवले आहेत: ऑर्डर क्रमांक, साइट, वस्तूचा पूर्ण तपशील, नग, पुरवठादार, मला हवी ती तारीख, त्याने सांगितलेली तारीख, बिल्टी, आलेले नग आणि बाकी नग.

यात सर्वांत उपयोगी पडला तो पुरवठादाराने सांगितलेल्या तारखेचा रकाना. ती तारीख पुढे गेली की मी जुनी पुसत नाही, शेजारी नवी लिहिते. पहिल्या वर्षी मला त्याचा काहीच उपयोग वाटला नव्हता. दुसऱ्या वर्षी हंगामाच्या तोंडावर ती शीट पुन्हा पाहिली तेव्हा दिसले, की ज्या पुरवठादाराला मी सर्वांत बेभरवशाचा समजत होते तो नेहमी दोन-तीन दिवसच उशीर करतो, आणि ज्याचे बोलणे फार गोड आहे त्याच्या प्रत्येक ऑर्डरसमोर तीन-तीन तारखा आहेत. तेव्हापासून त्या दुसऱ्याकडून मी फक्त तोच माल घेते, ज्यावाचून कारागिरांचे काम अडत नाही.

फोन रोज करायचा नाही, हाही नियम ठेवला आहे. रोज फोन केला की समोरचा ‘हो हो’ म्हणून टाळायला शिकतो. मी सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते साडेदहा एवढाच वेळ फोनला देते, आणि तेही ज्या ओळीची तारीख पाच दिवसांच्या आत आली आहे तेवढ्यासाठीच. आमच्याकडे वैनगंगेला पूर आला की काही गावांचे रस्ते बंद होतात, म्हणून जुलै-ऑगस्टमधील मालासाठी मी पाच ऐवजी बारा दिवस धरते.

संत्रापट्टा इंटिरियर (प्रश्नकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. चार आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण आधी करून पाहावे असे वाटले.

वही आणि शीट या दोन्हींचा मेळ घातला. साइटवर मिस्त्रीकडे छोटी वही आहे. माल उतरला की तो त्यात ऑर्डर क्रमांक, नग आणि मार्का लिहितो आणि पानाचा फोटो मला पाठवतो. शीट मी घरी भरते. मिस्त्रीला आधी हे नको वाटले. मात्र एकदा १८ मिमी प्लायचे दोन शीट कमी आलेले त्याच्याच वहीमुळे सापडले, तेव्हापासून तो नग मोजल्याशिवाय टेम्पोवाल्याला जाऊ देत नाही.

लकडगंजच्या दादांचा ‘गोडाऊनमध्ये आहे, की मागवायचा आहे’ हा प्रश्न मी अकराही जणांना विचारून पाहिला. तिघांनी पहिल्यांदा ‘आहे ना’ म्हटले आणि तासाभराने स्वतःहून फोन करून ‘मागवावा लागेल’ असे सांगितले. एक पुरवठादार मात्र मेसेज वाचतच नाहीत. वयस्कर आहेत, वडिलांच्या काळापासूनचे संबंध आहेत आणि सर्व व्यवहार फोनवर तोंडी चालतो. त्यांना बदलायला सांगणे बरे वाटले नाही. म्हणून फोन झाला की लगेच, त्यांनी जे कबूल केले तेच मी लिहून पाठवते: ‘काका, आता बोलल्याप्रमाणे ऑर्डर ३४, २० इंची चॅनेल १२ जोड, शनिवारपर्यंत.’ आठ दिवस काहीच उत्तर आले नाही. नवव्या दिवशी त्यांच्या मुलाने त्याच मेसेजखाली ‘२० संपले आहेत, २२ चालतील का’ असे विचारले, आणि आता त्या दुकानाकडून मुलगाच उत्तर देतो.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. मायकाच्या सहा ऑर्डरी शीटमध्ये भरल्यावर दिसले, की त्यांतील चार ऑर्डरींचा उशीर पुरवठादाराकडे झालेलाच नव्हता. घरमालकाने रंग नक्की करायला दहा-बारा दिवस घेतले होते, आणि मी ते दिवस पुरवठादाराकडून भरून काढायला पाहत होते. ‘घरमालकाने रंग कळवायची शेवटची तारीख’ असा एक रकाना आता सर्वांत आधी घातला आहे, आणि ती तारीख मी घरमालकाला कामाच्या अंदाजपत्रकातच लिहून देते. एका घरी यावरून थोडी कुरबूर झाली, कारण सूनबाईंना एक रंग हवा होता आणि सासूबाईंना दुसरा, आणि माझ्या तारखेमुळे त्यांना दोन दिवसांत तो निकाल लावावा लागला.

एक शंका राहिली आहे. गेल्या हंगामातील त्या ६४ बिजागऱ्यांपैकी ४० कोऱ्या, पाकिटातच आहेत. बिल मागच्या जानेवारीतले आहे. पुरवठादार परत घ्यायला तयार आहे, पण ‘आता बिल जुने झाले’ म्हणतो. काय करता येईल?

हिशेबनीस, अकोट

जानेवारीतले बिल म्हणजे ते आर्थिक वर्ष मार्चला संपले. त्या वर्षातील विक्रीसाठी पुरवठादाराला क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून कमी करणारा कागद) त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणात दाखवता येते, त्यामुळे अजून मुदत आहे. तुम्ही माल परत केल्याचे चलान करा, त्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि ४० नग असे लिहा, आणि क्रेडिट नोट आल्यावर तेवढी वजावट तुमच्या बाजूनेही कमी करा.

लकडगंज काउंटर

पाकिटे न फोडलेली असतील तर पार्सल एसटीने पाठवा, पावतीचा फोटो त्यांना त्याच दिवशी पाठवा, आणि पाकिटावर मार्का लिहायला विसरू नका. परत आलेला मालही गोडाऊनमध्ये हरवतो.